सी की असेंब्ली? पंप-पॅनेलच्या चिपवर कोणता भाग कशात लिहावा : क्रमवार पद्धत

सांगली-मिरज भागात विहिरीवरच्या मोटरसाठी ऑटो स्विच, फेज-रक्षक किंवा पाणी मोजणारी पॅनेले तयार करणारे विद्यार्थी आणि लहान कारखानदार आपले प्रोग्रॅम माझ्याकडे तपासायला आणतात, आणि त्यांत एकच चूक दोन उलट रूपांत दिसते. महाविद्यालयात ८०५१ या जुन्या चिपच्या किटवर असेंब्ली, म्हणजे चिपची एकेक सूचना हाताने लिहायची भाषा, शिकलेला विद्यार्थी हार्डवेअर म्हटले की सगळेच असेंब्लीत लिहू लागतो आणि दोन महिन्यांनी मोबाइल मॉड्यूलचा संदेश उलगडण्याच्या कामात अडकून पडतो. दुसरा सगळे सी या वरच्या पातळीच्या भाषेत लिहितो आणि वेळेचे गणित चुकले की विलंबाचे आकडे कमीजास्त करत बसतो, तेही नेमके काय बिघडले हे न पाहता. दोघांनीही भाषा आधी ठरवलेली असते आणि मोजणी नंतर केलेली असते, किंवा केलेलीच नसते. हा क्रम उलटा केला पाहिजे, आणि तो कसा करायचा हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

उदाहरण म्हणून एकच पॅनेल धरतो. त्यात १६ मेगाहर्ट्झवर चालणारी एटीमेगा३२८पी ही चिप आहे. आर, वाय आणि बी या तीन फेजच्या खुणा ऑप्टोकपलरमधून (लाइनच्या विजेपासून चिपला वेगळे ठेवून प्रकाशाने खूण पोचवणारा भाग) तिच्यापर्यंत येतात, पाण्याचा मीटर स्पंद देतो, मोबाइल मॉड्यूल ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) बोलते, आणि दारावर डब्ल्यूएस२८१२ जातीच्या आठ रंगीत दिव्यांची पट्टी आहे.

टप्पा १ : तयारी

चिपची डेटाशीट उघडी ठेवावी आणि तिच्यातली दोन पाने वेगळी छापून घ्यावीत: रजिस्टरांची (चिपच्या आतल्या छोट्या नोंदजागांची) यादी आणि सूचनांची यादी. सूचनांच्या यादीत प्रत्येक सूचनेला किती क्लॉक सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) लागतात तो रकाना असतो, आणि या लेखातले सगळे हिशेब त्याच रकान्यावर उभे आहेत. ८०५१ चे पाठ केलेले आकडे येथे उपयोगाचे नाहीत. मूळ ८०५१ मध्ये एक मशीन सायकल क्लॉकच्या १२ ठोक्यांची असते, तर या चिपवर बहुतेक साध्या सूचना एकाच ठोक्यात, म्हणजे ६२.५ नॅनोसेकंदांत, पूर्ण होतात.

सीचे चिपच्या सूचनांत रूपांतर करणारा कंपायलर म्हणून एव्हीआर-जीसीसी आणि त्याच्यासोबत येणारा ऑब्जडंप हा उलट-असेंब्ली दाखवणारा प्रोग्रॅम हवा. शिवाय २४ मेगाहर्ट्झचा पिनवरचे चढउतार नोंदवणारा एखादा स्वस्त लॉजिक अॅनालायझर हवाच. त्याच्या दोन नमुन्यांमधले अंतर सुमारे ४२ नॅनोसेकंदांचे असते आणि आपल्या कामाला तेवढे पुरते.

इशारा: विकास चालू असताना चिप थ्री-फेज लाइनला जोडू नये. दुसऱ्या एका बोर्डावरून एकमेकांपासून १२० अंशांवरचे, ५० हर्ट्झचे तीन चौकोनी तरंग काढावेत आणि टेबलावर तेच खऱ्या फेजच्या जागी वापरावेत. त्यातला एक तरंग हवा तेव्हा बंद करता येतो किंवा सरकवता येतो, जे खऱ्या लाइनवर करता येत नाही.

तपासणी: क्लॉक खरोखर १६ मेगाहर्ट्झचा आहे ना? सुटी विकत घेतलेली चिप कारखान्यातून आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ८ ने भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर, लावलेली येते. क्रिस्टल बसवले तरी फ्यूज (चिपमधली टिकून राहणारी मांडणी) बदलेपर्यंत ती तशीच चालते आणि मग प्रत्येक हिशेब सोळा पटींनी चुकतो. एक दिवा एक सेकंद चालू आणि एक सेकंद बंद राहील असा प्रोग्रॅम भरून घड्याळ लावून पाहावे आणि मगच पुढे जावे.

टप्पा २ : प्रत्येक कामाची मुदत सायकलमध्ये लिहिणे

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि भाषेचा निर्णय मात्र इथेच होतो. कागदावर प्रत्येक काम लिहावे आणि त्यासमोर दोन आकडे मांडावेत. पहिला आकडा, दोन घटनांमध्ये किती सायकल मिळतात. दुसरा, घटना घडल्यावर किती सायकल उशीर झालेला चालतो. पहिल्या आकड्यावरून चिपला काम झेपते का ते कळते. भाषा मात्र दुसरा आकडा ठरवतो, आणि हे दोन आकडे वेगळे आहेत हे लक्षात न आल्यामुळे बराच गोंधळ होतो.

फेजपासून सुरुवात करू. ५० हर्ट्झच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे ३,२०,००० सायकलचा असतो. दोन फेजमधले १२० अंशांचे अंतर ६.६७ मिलिसेकंदांचे, म्हणजे सुमारे १,०६,६६७ सायकलचे. एक अंश म्हणजे जवळजवळ ८८९ सायकल. चालत्या मोटरची एक फेज गेली तर मोटर स्वतःच त्या तारेवर काही व्होल्टेज उभे करते, म्हणून व्होल्टेज आहे एवढे पाहून भागत नाही. कोन आणि पातळी दोन्ही तपासावी लागतात. कोनासाठी मी दोन्ही बाजूंना १५ अंशांची मुभा ठेवतो, म्हणजे १३,००० हून अधिक सायकल. एवढ्या मुभेत सीमध्ये लिहिलेला इंटरप्ट (घटना घडताच चालू काम थांबवून चालणारा छोटा प्रोग्रॅम) आरामात बसतो.

मोबाइल मॉड्यूलकडून ९६०० बॉडवर एक अक्षर १.०४ मिलिसेकंदांत येते, म्हणजे १६,६६७ सायकलमध्ये, आणि ते जुळवण्याचे काम चिपमधली सीरियल यंत्रणा स्वतः करते. पाण्याच्या मीटरचे स्पंद तर याहूनही संथ असतात.

दिव्यांची पट्टी मात्र वेगळी आहे. तिचा एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे अवघ्या २० सायकलचा. शून्य पाठवायचे असेल तर पिन सुमारे ०.४ मायक्रोसेकंद उंच ठेवायची आणि एक पाठवायचा असेल तर सुमारे ०.८ मायक्रोसेकंद. हा फरक सहा-सात सायकलचा आहे आणि चालणारा उशीर दोन-तीन सायकलपेक्षा जास्त नाही.

आता इंटरप्टचा खर्च याच कागदावर मांडावा. सोळा बिटांचा एक मोजक एकने वाढवणारा साधा इंटरप्ट सीमध्ये लिहिला, तर प्रतिसादाचे ४ सायकल, व्हेक्टरवरच्या (इंटरप्ट आल्यावर चिप जेथे जाते त्या ठरलेल्या जागेवरच्या) उडीचे ३, रजिस्टरे स्टॅकवर (तात्पुरत्या साठवणीत) ठेवण्याचे १२, प्रत्यक्ष कामाचे १०, रजिस्टरे परत काढण्याचे ११ आणि परतीचे ४ मिळून ४४ सायकल होतात, म्हणजे २.७५ मायक्रोसेकंद. नव्या कंपायलरमध्ये हा आकडा थोडा कमी भरतो. फेजच्या लाखभर सायकलपुढे ४४ काहीच नाहीत; वीस सायकलच्या बिटामध्ये मात्र ते घुसले की दिव्याचा रंग बिघडलाच.

तपासणी: ज्या कामात चालणारा उशीर शंभर सायकलपेक्षा जास्त आहे त्यासमोर "सी" लिहावे. शंभरपेक्षा कमी असेल तर "आधी यंत्रणा" असे लिहावे, कारण टायमर, कॅप्चर (घटनेची वेळ टिपणारी) किंवा सीरियल यंत्रणा ते काम करू शकते का हे आधी पाहायचे असते. त्यांपैकी काहीच लागू होत नसेल तरच "असेंब्ली" हा शब्द कागदावर यावा. आपल्या पॅनेलमध्ये तो एकाच ओळीसमोर येतो.

टप्पा ३ : संपूर्ण काम आधी सीमध्ये उभे करणे

ज्या ओळीसमोर असेंब्ली लिहिले आहे ती ओळसुद्धा आधी सीमध्येच लिहावी. ती नीट चालणार नाही, रंग चुकीचे दिसतील, पण बाकीचा सगळा प्रोग्रॅम तपासता येईल आणि नंतर असेंब्लीतल्या फंक्शनने कोणती जागा घ्यायची ते स्पष्ट होईल. या टप्प्यावरच्या चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक व्होलाटाइल हा, चलाची किंमत कधीही बदलू शकते असे कंपायलरला सांगणारा, शब्द विसरण्याची. इंटरप्टमध्ये बदलणारा चल व्होलाटाइल नसेल तर मुख्य प्रोग्रॅममधला कंपायलर त्याची किंमत एकदाच रजिस्टरमध्ये उचलतो आणि पुढे तीच वापरत राहतो. विद्यार्थी म्हणतो की सी भरवशाची नाही. कंपायलरने मात्र भाषेचा नियमच पाळलेला असतो.

दुसरी चूक व्होलाटाइल लिहिले म्हणजे सगळे झाले असे समजण्याची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. तासगाव भागातल्या एका द्राक्षबागेवर बसवलेल्या माझ्या पॅनेलमध्ये पाण्याचा आकडा अधूनमधून एकदम उडी मारत असे. चिप आठ बिटांची आहे, मोजक सोळा बिटांचा होता, आणि त्यामुळे तो दोन वाचनांत उचलला जात होता. मोजक २५५ वर असताना खालचा बाइट वाचला गेला, त्याच क्षणी इंटरप्ट येऊन मोजक २५६ झाला, आणि मग वरचा बाइट वाचला गेला. हाती आलेला आकडा ५११. दिवसातून एकदा-दोनदाच घडणारी ही चूक शोधायला मला तीन आठवडे लागले आणि तोवर मी मीटरलाच दोष देत होतो. असा मोजक वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करावेत, किंवा एव्हीआरच्या सी-लायब्ररीतला, हेच काम करणारा, अॅटॉमिक ब्लॉक वापरावा.

तिसरी चूक ध्वजबिट, म्हणजे घटना घडल्याची नोंद ठेवणारा बिट, साफ करण्याची. वाय आणि बी फेज इंट०, इंट१ या पिनांवर असतील तर त्यांचे ध्वज एकाच रजिस्टरमध्ये असतात आणि बिटावर एक लिहिल्याने ध्वज साफ होतो. तेथे सवयीने "किंवा-बरोबर" (|=) ही क्रिया वापरली, तर आधी वाचलेले सगळे एक परत लिहिले जातात आणि दुसऱ्या फेजचा ताटकळत असलेला ध्वजही पुसला जाण्याची शक्यता राहते. मग फेज असताना ती गेल्याचे समजून पॅनेल मोटर बंद करते. तेथे सरळ "बरोबर" (=) लिहून फक्त आपलाच बिट द्यावा.

इशारा: इंटरप्टच्या व्हेक्टरचे नाव एका अक्षरानेही चुकले तर कंपायलर चूक दाखवून थांबत नाही, केवळ वॉर्निंग देतो. प्रत्यक्ष इंटरप्ट येताच प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. चिप सारखी रिसेट होत असेल तर वीजपुरवठ्याला दोष देण्याआधी कंपायलरच्या सगळ्या वॉर्निंग वाचाव्यात.

टप्पा ४ : कंपायलरने काय लिहिले ते वाचणे

तयार झालेल्या फाइलवर ऑब्जडंप चालवून सूचनांची यादी काढावी. ती सगळी वाचायची नाही. कागदावरच्या यादीत ज्यांची मुदत आखूड आहे तेवढीच फंक्शने वाचायची. असेंब्ली शिकल्याचा खरा उपयोग येथे होतो. पंपाच्या पॅनेलवर काम करणाऱ्याला असेंब्ली लिहिण्यापेक्षा वाचता येणे कितीतरी जास्त वेळा लागते, असे माझे ठाम मत आहे.

पोर्ट बीचा पाचवा बिट उंच करण्याची सीमधली एक ओळ घ्यावी. कंपायलरचा आकारमान कमी करण्याचा ओएस (-Os) हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावला असेल तर ती एकाच एसबीआय सूचनेत येते, जिला २ सायकल लागतात. असेंब्लीत हाताने लिहिणाऱ्यालाही यापेक्षा वेगळे काही लिहायचे नसते. तीच ओळ ऑप्टिमायझेशन बंद ठेवून तयार केली तर पत्ता भरणे, वाचणे, बिट लावणे आणि परत लिहिणे अशी अनेक सूचनांची मालिका दिसते. "सी संथ आहे" असे सांगत आणलेले अनेक प्रोग्रॅम याच बंद ऑप्टिमायझेशनवर तयार केलेले असतात.

त्याच ओळीत बिटाचा क्रमांक स्थिर आकडा नसून चल असेल, तर ओएस लावूनही एसबीआय मिळत नाही. दोन बिट एकदम लावले तर वाचणे, लावणे आणि लिहिणे अशा तीन सूचना होतात आणि त्यांच्यामध्ये इंटरप्ट शिरू शकतो. सीची ओळ वरून सारखीच दिसते. फरक फक्त यादीत कळतो.

तपासणी: विलंबासाठी लिहिलेली रिकामी लूप यादीत शोधावी. बहुतेक वेळा ती सापडणारच नाही, कारण तिच्यातून काही निष्पन्न होत नसल्यामुळे कंपायलरने ती काढून टाकलेली असते. लायब्ररीतले विलंबाचे फंक्शन वापरावे, त्याला स्थिर आकडाच द्यावा, आणि क्लॉकचा आकडा प्रोग्रॅममध्ये बरोबर लिहिला आहे हे पाहावे.

टप्पा ५ : पिनवर मोजणे

यादीतली बेरीज आणि प्रत्यक्ष वेळ जुळली पाहिजे. एक रिकामी पिन निवडून, तपासायच्या भागाच्या सुरुवातीला ती उंच करावी, शेवटी खाली आणावी, आणि अॅनालायझरवर त्या पट्टीची रुंदी मोजावी. पिन हलवण्यासाठी आर्ड्युइनोचे डिजिटल-राइट फंक्शन येथे वापरू नये. त्यालाच काही मायक्रोसेकंद लागतात आणि मोजमापच खोटे ठरते. सरळ पोर्टवर लिहावे.

दहा-वीस नव्हे तर काही हजार पट्ट्या नोंदवून त्यांतली सर्वांत रुंद कोणती ते पाहावे. मुदत चुकते ती सर्वांत वाईट वेळी, सरासरीवर नव्हे.

टप्पा ६ : एकच फंक्शन असेंब्लीत नेणे

आपल्या पॅनेलमध्ये आता फक्त दिव्यांच्या पट्टीला बिट पाठवणारे फंक्शन उरले आहे. ते स्वतंत्र फाइलमध्ये लिहावे आणि फाइलच्या नावामागचा एस कॅपिटल (.S) असावा. लहान एस असेल तर प्रीप्रोसेसर चालत नाही आणि हेडरमधली नावे ओळखली जात नाहीत. फंक्शनचे नाव ग्लोबल म्हणून जाहीर करावे. आर्ड्युइनोच्या वातावरणात ते नाव सी++ च्या बाजूला "एक्स्टर्न सी" म्हणून सांगावे लागते, नाहीतर लिंकरला फंक्शन सापडत नाही.

सीमेवरचे नियम असे आहेत. सीकडून येणारा पहिला पॉइंटर आर२५ आणि आर२४ या जोडीत मिळतो आणि त्यानंतरचा आठ बिटांचा आकडा आर२२ मध्ये. आर१८ ते आर२७ आणि आर३०, आर३१ मोकळेपणाने वापरता येतात. आर२ ते आर१७ आणि आर२८, आर२९ वापरली तर जशीच्या तशी परत ठेवली पाहिजेत. आर१ मध्ये नेहमी शून्य असते असे कंपायलर गृहीत धरतो. गुणाकाराची सूचना वापरली की उत्तर आर१ आणि आर० मध्ये येते, म्हणून ते उचलून लगेच आर१ पुन्हा शून्य करावे. ते राहिले तर बिघाड आपल्या फंक्शनमध्ये दिसत नाही. दूरच्या कुठल्यातरी सी-फंक्शनमध्ये दिसतो, आणि माणूस तिकडेच शोधत बसतो.

आता बिटाची मांडणी. शून्याव्या सायकलला आउट सूचनेने पिन उंच करावी. सहाव्या सायकलला, बिट शून्य असेल तरच, ती खाली आणावी. तेराव्या सायकलला ती काही झाले तरी खाली आणावी, आणि विसाव्या सायकलला पुढचा बिट सुरू करावा. सहाव्या सायकलवरची शर्त एसबीआरएस सूचनेने तपासली तर एक सोय आपोआप मिळते: बिट एक असेल तर पुढची सूचना ओलांडायला तिला २ सायकल लागतात, बिट शून्य असेल तर तिचा १ आणि पुढच्या आउटचा १ असे २ च होतात. दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या झाल्या. लूपच्या शेवटची ब्रांच सूचना मात्र उडी मारताना २ आणि न मारताना १ सायकल घेते, शिवाय पुढचा बाइट आणायला वेळ जातो. हा फरक पिन खाली असतानाच्या काळात ढकलावा, कारण तो काळ थोडा वाढला तरी दिवे चालवून घेतात. उंच असतानाच्या काळात ती मुभा नाही.

इशारा: आउट सूचनेला पत्ता देताना घोळ होतो. पोर्ट बीचा मेमरीतला पत्ता ३७ आहे, तर आउट आणि एसबीआय यांना लागणारा पत्ता त्यातून ३२ वजा केलेला, म्हणजे ५ आहे. हेडरमधले नाव थेट आउटला दिले तर ३७ हा आकडा जातो, आणि त्या जागी टायमर शून्यचे नियंत्रण-रजिस्टर बसलेले आहे. पिन हलत नाही आणि वर टायमर शून्यवर चालणाऱ्या विलंबांची गती बदलते. पत्ता बदलून देणारा मॅक्रो हेडरमध्येच आहे. तो प्रत्येक वेळी वापरावा.

फंक्शनच्या सुरुवातीला एसरेग रजिस्टर (इंटरप्ट चालू की बंद हेही त्यात असते) उचलून ठेवावे, मग इंटरप्ट बंद करावेत, आणि शेवटी एसईआय ही इंटरप्ट चालू करणारी सूचना न लिहिता उचललेले एसरेग परत ठेवावे. आधी इंटरप्ट बंदच असतील तर एसईआयने ते भलत्या वेळी सुरू होतात.

इंटरप्ट किती वेळ बंद राहतात त्याचा हिशेब पुन्हा कागदावर यावा. आठ दिवे, प्रत्येकी २४ बिट, प्रत्येक बिट २० सायकल, म्हणजे ३,८४० सायकल किंवा २४० मायक्रोसेकंद. आर फेज टायमर एकच्या कॅप्चर पिनवर असेल तर तिची वेळ हार्डवेअरच टिपून ठेवते, इंटरप्ट उशिरा आला तरी आकडा बिघडत नाही. अशी पिन चिपवर एकच असल्यामुळे वाय आणि बी फेजची वेळ इंटरप्टमध्ये टायमर वाचून घ्यावी लागते, आणि तीत जास्तीत जास्त २४० मायक्रोसेकंदांची, म्हणजे सुमारे ४.३ अंशांची, चूक होते. आपली १५ अंशांची मुभा ती सामावून घेते. ९६०० बॉडवर एकही अक्षर हरवत नाही. मॉड्यूल १,१५,२०० बॉडवर लावले तर मात्र याच वेळात जवळजवळ पावणेतीन अक्षरे येतात आणि काम काठावर येते.

टायमर एकचे सोळा बिटांचे रजिस्टर असेंब्लीतून वाचायची वेळ आलीच तर खालचा बाइट आधी वाचावा आणि लिहिताना वरचा आधी लिहावा. सीमध्ये हा क्रम कंपायलर सांभाळतो.

सीच्या मधोमध असेंब्लीच्या ओळी पेरण्याची पद्धत नवख्याने टाळावी. तेथे कोणती रजिस्टरे बदलली हे कंपायलरला आपण सांगायचे असते, आणि त्या यादीतले एक नाव विसरले तरी प्रोग्रॅम आज चालतो आणि दुसरीकडची एखादी ओळ बदलल्यावर मोडतो.

टप्पा ७ : चिप बदलणार असेल तर

एसटीएम३२एफ१०३ सारख्या कॉर्टेक्स-एम३ चिपवर जायचे असेल तर टप्पा २ चा कागद नव्याने करावा. तेथे इंटरप्टच्या वेळी मुख्य रजिस्टरे हार्डवेअरच स्टॅकवर ठेवते, म्हणून इंटरप्टचे फंक्शन साध्या सी-फंक्शनसारखेच लिहिता येते. मात्र ७२ मेगाहर्ट्झवर फ्लॅश मेमरी दोन थांबे (वाट पाहण्याचे सायकल) घेते, त्यामुळे सूचनांचे सायकल बोटांवर मोजून पिन हलवणे भरवशाचे राहत नाही. दिव्यांच्या पट्टीचे काम तेथे टायमर आणि डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवणारी यंत्रणा) यांच्यावर सोपवावे; असेंब्लीतले फंक्शन भाषांतर करून नेऊ नये.

टप्पा ८ : शेवटची चाचणी

पुढच्या गोष्टी याच क्रमाने कराव्यात. टेबलावरच्या बोर्डाकडून तिन्ही तरंग चालू ठेवून, दिवे सतत बदलत ठेवून आणि मॉड्यूलकडून अक्षरे येत राहतील असे करून पॅनेल एक रात्रभर चालवावे. सकाळी पाण्याचा आकडा दुसऱ्या बोर्डाने पाठवलेल्या स्पंदांशी ताडून पाहावा. एका स्पंदाचाही फरक असेल तर टप्पा ३ कडे परत जावे. मग एकेक तरंग बंद करून आणि नंतर २० अंशांनी सरकवून रिले सुटतो का ते पाहावे.

असेंब्लीच्या फाइलच्या डोक्यावर चिपचे नाव, क्लॉकचा आकडा, कंपायलरची आवृत्ती आणि प्रत्येक ओळीसमोर तिचे सायकल लिहावेत. त्याच जागी सी-आवृत्तीही टिप्पणी म्हणून ठेवावी. एवढे झाल्यावरच पॅनेल विहिरीवर न्यावे आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. पहिली फेज-चाचणी मोटरची तार काढून, फक्त स्टार्टरच्या कॉइलवर घ्यावी.